केफाजवळचे पंधरा दिवस

बायबलच्या नव्या करारातल्या, गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पौल, म्हणजे येशूचा पहिल्या शतकातला प्रचारक, रागावलेला आहे, आणि तो राग लपवायची त्याला गरजही वाटत नाही. एरवी पत्राच्या सुरुवातीला तो त्या त्या मंडळीबद्दल, म्हणजे तिथल्या विश्वासणाऱ्यांच्या समाजाबद्दल, देवाचे आभार मानतो. इथे आभार नाहीत. नमस्कार संपतो न संपतो तोच, तुम्ही इतक्या लवकर कसे फिरलात, असं विचारून तो मोकळा होतो.

कारण असं की पौल निघून गेल्यावर गलतीयात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या मधल्या भागात, दुसरे काही उपदेशक आले. परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांनीही सुंता करून घेतलीच पाहिजे, असं ते सांगू लागले. पौलाच्या उत्तरावरून दिसतं की त्याच्या अधिकाराबद्दलही त्यांनी शंका काढली होती: हा काही मूळचा प्रेषित (येशूनं पाठवलेला माणूस) नाही, याला जे येतं ते यरुशलेमच्या लोकांकडून ऐकलेलं. त्यावर पौल सांगतो की मला सुवार्ता माणसाकडून मिळालीच नाही. येशूचं दर्शन झाल्यावर मी यरुशलेमला गेलो नाही, अरबस्तानात गेलो, मग दिमिष्काला (दमास्कसला) परतलो. आणि पुढे तो लिहितो की तीन वर्षांनंतर मी केफाला भेटायला यरुशलेमला गेलो आणि त्याच्याजवळ पंधरा दिवस राहिलो. प्रेषितांपैकी दुसरा कोणी मला दिसला नाही, फक्त प्रभूचा भाऊ याकोब दिसला. आणि लगेच शपथ: हे मी देवासमोर लिहितो, खोटं सांगत नाही.

केफा म्हणजे पेत्र, येशूच्या बारा शिष्यांतला प्रमुख. सोलापुरात मी बरीच वर्षं शाळेत इतिहास शिकवला, आणि त्याहून जास्त वर्षं आमच्या मंडळीतल्या तरुणांच्या बायबल अभ्यासाला बसते आहे. येशू नावाचा माणूस खरोखर होऊन गेला का, असं कोणी विचारलं की मी शुभवर्तमानं, म्हणजे येशूच्या चरित्राची चार पुस्तकं, उघडत नाही. गलतीकरांच्या पत्राचा हा पहिला अध्याय उघडते.

मागच्या दिवाळीत पुण्याहून माझा भाचा आला होता. भाकरी-शेंगाचटणीवर गप्पा चालल्या होत्या. मध्येच तो म्हणाला, "आत्या, पौलाला येशूबद्दल काहीच माहीत नव्हतं म्हणायलेत लोक. सगळ्यात जुनी पत्रं त्याची, आणि त्यात ना नासरेथ, ना गालील, ना मरियेचं नाव. दाखले नाहीत, चमत्कार नाहीत, पिलाताचंही नाव नाही. मग हा माणूस झाला तरी कशावरून?"

भाच्यानं मन लावून वाचलं होतं, म्हणून मला बरं वाटलं. त्याची यादीही बरोबर आहे. पौलाच्या नावावर नव्या करारात तेरा पत्रं आहेत. त्यातली सात त्यानंच लिहिली याबद्दल अभ्यासकांत जवळजवळ एकमत आहे: रोमकरांस, करिंथकरांस दोन, गलतीकरांस, फिलिप्पैकरांस, थेस्सलनीकाकरांस पहिलं, आणि फिलेमोनाला. बाकीच्यांबद्दल वाद आहे. येशूला मृत्युदंड देणाऱ्या रोमन सुभेदाराचं, पिलाताचं, नाव तीमथ्याला पहिल्या पत्रात येतं, पण ते त्या वादातल्या पत्रांपैकी. म्हणजे त्या सात पत्रांपुरतं भाच्याचं म्हणणं खरं आहे. मला पटला नाही तो त्यावरून काढलेला निष्कर्ष, आणि त्यासाठीच हे लिहायला बसले.

आधी काळ पाहू, कारण सगळं त्यावर उभं आहे. ग्रीसमध्ये डेल्फी इथं दगडावर कोरलेलं सम्राट क्लॉडियसचं एक पत्र सापडलं, तुकड्यातुकड्यांत. त्यात गल्लियो या अधिकाऱ्याचा उल्लेख आहे, आणि त्या लेखावरून तो अखया प्रांताचा कारभार इ.स. ५१-५२च्या सुमारास पाहत होता असं ठरतं. 'प्रेषितांची कृत्ये' या नव्या करारातल्या पुस्तकात पौलाला करिंथात याच गल्लियोपुढे उभं केल्याचं लिहिलं आहे. तिथून पौलाचा काळ जुळवता येतो. थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र साधारण इ.स. ५०चं, बाकीची खरी पत्रं पुढच्या दहाएक वर्षांतली. मार्काचं शुभवर्तमान, जे चौघांत जुनं मानतात, ते इ.स. ७०च्या आसपासचं. म्हणजे येशूबद्दल हाती असलेला सर्वांत जुना मजकूर म्हणजे ही पत्रं.

आता मागे जाऊ. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात पौल स्वतःची एक फजिती सांगतो: दिमिष्कात अरेतास राजाच्या अधिकाऱ्यानं त्याला धरायला पहारा बसवला, तेव्हा त्याला पाटीत बसवून तटाच्या खिडकीतून खाली सोडलं. हा अरेतास म्हणजे नबाती लोकांचा राजा, चौथा अरेतास, आणि तो इ.स. ४०च्या सुमारास वारला. तेव्हा ही सुटका त्याच्या आधीची, आणि प्रेषितांच्या कृत्यांप्रमाणे त्यानंतरच पौल यरुशलेमला पोचला. येशूला वधस्तंभावर दिलं ते इ.स. ३० किंवा ३३मध्ये. म्हणजे पौल आणि पेत्र यांचे ते पंधरा दिवस वधस्तंभानंतर दहा वर्षांच्या आतले.

मी मुलांना हे फळ्यावर काढून दाखवते, आणि इतक्या वर्षांनंतरही ती रेघ ओढताना मला भरून येतं. प्राचीन काळातल्या किती माणसांबद्दल असं म्हणता येईल, की त्याच्या मृत्यूनंतर दहा वर्षांच्या आत त्याच्या भावाला भेटलेल्या माणसानं स्वतः, 'मी' म्हणून, लिहिलेलं पत्र आपल्या हातात आहे?

पण काळापेक्षाही मला महत्त्वाचं वाटतं ते हे वाक्य ज्या अडचणीत लिहिलं गेलं ती अडचण. पौलाला काय सिद्ध करायचं आहे? की यरुशलेमशी माझा संबंध नाही. कोणालाच भेटलो नाही असं लिहिता आलं असतं तर त्याचं काम एका ओळीत झालं असतं. ते त्याला लिहिता येत नाही, कारण भेट झाली होती आणि विरोधकांना ती माहीत होती किंवा कळली असती. म्हणून तो भेट कबूल करतो, पण जितकी छोटी करता येईल तितकी छोटी करून: तीन वर्षांनंतर, पंधराच दिवस, फक्त केफा. आणि मग, हो, याकोबही दिसला. प्रामाणिक माणूस अडचणीतली गोष्ट अशीच सांगतो. येशूचं अस्तित्व पटवण्यासाठी याकोबाचा उल्लेख केलेला नाही. तो प्रश्नच कोणी विचारलेला नव्हता. आपल्या मुद्द्याला जे अडचणीचं होतं ते त्यानं शपथेवर मांडलं, आणि त्या ओघात येशूला भाऊ होता, त्याचं नाव याकोब, आणि तो यरुशलेमात राहत होता, हे आपल्यापर्यंत आलं.

काही जण म्हणतात, 'प्रभूचा भाऊ' म्हणजे मंडळीतला भाऊ, जसं आपण सगळ्यांना बंधू-भगिनी म्हणतो. मी याचा नीट विचार केला आहे. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात पौल विचारतो की इतर प्रेषित, प्रभूचे भाऊ आणि केफा आपापल्या बायकांना बरोबर घेऊन फिरतात, तसा हक्क आम्हाला नाही का? इथे प्रेषित वेगळे, केफा वेगळा, आणि प्रभूचे भाऊ वेगळे. विश्वासणारे सगळेच प्रभूचे भाऊ असते तर पेत्राला त्यातून बाहेर काढायचं कारण काय? रोमन कॅथलिक परंपरा या भावांना चुलत किंवा मावस भाऊ समजते. तो मरियेबद्दलच्या श्रद्धेचा प्रश्न आहे आणि मी त्यात शिरत नाही. नात्यातला माणूस, एवढं दोन्हीकडे कायम राहतं.

आता भाच्याच्या यादीकडे. पत्रात जे नाही ते लिहिणाऱ्याला माहीत नव्हतं, असं धरून चालायचं का?

माझे आजोबा जुन्या मिलमध्ये कामाला होते. मिशनच्या शाळेत लिहायला शिकले होते, आणि गावाकडे थोरल्या भावाला नेमानं पोस्टकार्डं टाकायचे. त्यातली काही आमच्याकडे उरली आहेत. १९३०च्या मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ लागला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. त्या चौघांचे पुतळे पाहत आमच्या पिढ्या वाढल्या. आजोबांच्या त्या सालातल्या एका कार्डात मार्शल लॉ येतो तो असा: मार्शल लॉमुळे मनीऑर्डर करायला उशीर झाला, राग मानू नये. बस्स. फाशीबद्दल उरलेल्या कार्डांत एक अक्षर नाही. धाकटीचा ताप आहे, बैलाची चौकशी आहे, नाताळला येता येत नाही ते आहे. आजोबा तर गावभर पसरलेल्या त्या दुःखाबद्दल आम्हाला मरेपर्यंत सांगत होते. भावाला सगळं ठाऊक होतं, उघड्या कार्डावर लिहिण्यासारखा तो विषय नव्हता, आणि पत्र त्यासाठी लिहिलेलंच नव्हतं. पण मनीऑर्डरीच्या त्या ओळीइतका मार्शल लॉचा सच्चा पुरावा मला दुसरा दिसत नाही. ती ओळ लिहिताना पुरावा द्यायचं त्यांच्या मनातही नव्हतं.

पौलाची पत्रंही ज्या मंडळ्यांना गेली, त्यांना त्यानं, आणि रोमच्या मंडळीला दुसऱ्या कोणी, येशूची गोष्ट तोंडी आधीच सांगितलेली होती. पत्र जातं ते काहीतरी बिनसलं म्हणून: कोणी कोर्टात गेलंय, कोणी सावत्र आईला घरात ठेवलंय, प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीतल्या सामूहिक जेवणाला, श्रीमंत आधी खाऊन घेतात आणि गरीब उपाशी राहतात. भांडण ज्या गोष्टीचं, तिच्यापुरताच येशू पत्रात येतो. प्रभुभोजनाचं भांडण झालं म्हणून आपल्याला कळतं की ज्या रात्री त्याला धरून दिलं त्या रात्री येशूनं भाकर घेतली, मोडली आणि काय म्हटलं. करिंथात ते भांडण झालं नसतं तर पौलाला शेवटच्या भोजनाची माहितीच नव्हती, असंही आज कोणी ठासून सांगितलं असतं!

आणखी एक पडताळा आहे. योहानाचं पहिलं पत्र ज्या वर्तुळातून आलं त्याच वर्तुळातून चौथं, योहानाचं, शुभवर्तमान आलं. म्हणजे गोष्ट तिथे चांगलीच ठाऊक होती. तरी त्या पत्रात गालील नाही, मरियेचं नाव नाही, पिलात नाही, एकही चमत्कार वर्णन केलेला नाही. पत्रांचं हे असंच असतं.

मग पौलाकडून प्रत्यक्ष मिळतं तरी काय? मिळतं ते थोडं आहे, पण घट्ट आहे. येशू स्त्रीपासून जन्मला, यहूदी नियमशास्त्राखाली जन्मला, दाविदाच्या वंशातला होता. त्याला भाऊ होते. त्याचे बारा जण होते. यहूदी लोकांमध्येच त्यानं सेवा केली. त्याला रात्री धरून दिलं, वधस्तंभावर मारलं, पुरलं. आणि तो उठला व दिसला, असं त्याच्या माणसांनी अगदी पहिल्यापासून सांगितलं. ही शेवटची यादी करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात आहे: केफा, मग बारा जण, मग पाचशेहून अधिक, मग याकोब, मग सर्व प्रेषित, आणि शेवटी पौल स्वतः. सुरुवातीलाच पौल सांगतो की मला जे मिळालं तेच मी तुम्हाला दिलं. म्हणजे या यादीचा गाभा पौलाच्याही आधीचा.

आणि येशूची शिकवण? माझा सर्वांत आवडता भाग इथे आहे. करिंथकरांनी लग्नाबद्दल प्रश्न विचारले होते, आणि त्याच पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात पौल एकेकाला उत्तर देतो. पत्नीनं पतीला सोडू नये, पतीनं पत्नीला टाकू नये: ही आज्ञा माझी नव्हे, प्रभूची. मग पुढचा प्रश्न येतो, एकजण विश्वासणारा आणि दुसरा नसेल तर? तिथे तो म्हणतो, हे मी सांगतो, प्रभू नव्हे. मग अविवाहितांबद्दल: याविषयी मला प्रभूची आज्ञा नाही, माझं मत देतो.

हा अध्याय सावकाश वाचा. मंडळीत बखेडा आहे, लोक ऐकत नाहीत, आणि येशूच्या नावावर एक वाक्य खपवलं असतं तर सगळे गप्प झाले असते. तो ते करत नाही. येशूनं काय सांगितलं आणि काय सांगितलं नाही, यांमधली रेघ तो स्वतःच्या अडचणीच्या वेळीही पुसत नाही. म्हणजे ती रेघ त्याला माहीत होती. येशूच्या वचनांचा एक ठेवा त्याच्यापाशी होता, आणि त्याच्या कडा कुठे संपतात हे त्याला ठाऊक होतं. घटस्फोटाबद्दलचं ते वचन मार्कात, मत्तयात आणि लूकातही आहे, पौलानंतर कित्येक वर्षांनी लिहिलेलं. ज्याला येशूबद्दल काही माहीत नव्हतं असा माणूस ही पत्रं लिहूच शकत नाही, असं माझं ठाम मत आहे.

पत्रांत माणूस कसा जिवंत दिसतो, त्याचीही एक जागा सांगते. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या आरंभी, मंडळीत गट पडलेत म्हणून वैतागून पौल म्हणतो, बरं झालं, मी तुमच्यापैकी क्रिस्प आणि गायस यांच्याशिवाय कोणाला बाप्तिस्मा दिला नाही. मग त्याला आठवतं, हो, स्तेफनाच्या घरच्यांनाही दिला. आणखी कोणाला दिला असेल तर आठवत नाही. लेखनिक समोर बसून लिहितो आहे आणि हा तोंडी सांगतो आहे. सुधारणा होते, पण आधीचं वाक्य खोडलं जात नाही. गलतीकरांच्या पत्राच्या शेवटी तो लेखणी स्वतः हातात घेतो आणि म्हणतो, पाहा, मी केवढ्या मोठ्या अक्षरांत लिहितोय. आख्यायिका रचणारा माणूस असं विसरत नाही आणि स्वतःच्या अक्षराबद्दलही बोलत नाही.

ती मोठी अक्षरं आज कुठेच नाहीत. पौलाच्या हातचा एकही कागद उरलेला नाही. त्याच्या पत्रांची फार जुनी प्रत म्हणजे पपायरसवरचं एक ग्रीक पुस्तक, साधारण इ.स. २००च्या सुमाराचं, ज्याची पानं आज काही डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आणि काही अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात आहेत. मूळ पत्र आणि ही प्रत यांच्यामध्ये दीडशे वर्षं नकलाकारांचे हात फिरले. म्हणून थेस्सलनीकाकरांच्या पत्रातल्या एखाद्या उताऱ्याबद्दल, तो पौलाचा की नंतर घातलेला, असा वाद होतो, आणि तो व्हायलाच हवा.

पत्रं कुठे थांबतात तेही मुलांना सांगावं लागतं. येशू उठला, हे इतिहासाच्या साधनांनी सिद्ध होत नाही. पेत्र, याकोब आणि पौल यांना तशी खात्री होती आणि ती फार लवकर होती, इथवर इतिहास नेतो. पुढचं पाऊल माझ्या विश्वासाचं आहे, आणि ते मी आनंदानं टाकते, पण वर्गात ते इतिहास म्हणून शिकवत नाही. काही बंधूंना हे आवडत नाही. तुम्ही बाई विश्वासाला पाणी घालता, असं एकांनी मला उपासनेनंतर ऐकवलं. माझं त्यांना सांगणं हेच की सातवा अध्याय पुन्हा वाचा. हे प्रभू सांगतो आणि हे मी सांगतो, हा फरक पौलानंच शिकवला आहे.

भाच्यानं सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "मग त्या याकोबाचं पुढं काय झालं?" याचं उत्तर नव्या करारात नाही. ते जोसीफस या यहूदी इतिहासकारानं पहिल्या शतकाच्या अखेरीस लिहून ठेवलं आहे. इ.स. ६२मध्ये रोमचा एक सुभेदार वारला होता आणि दुसरा अजून पोचायचा होता, त्या मधल्या वेळात महायाजक हनान यानं सभा बोलावली आणि काही जणांना नियमशास्त्र मोडल्याच्या आरोपावरून दगडमार करवला. त्यांत एक याकोब होता, आणि जोसीफस त्याची ओळख करून देतो ती 'ज्याला ख्रिस्त म्हणतात त्या येशूचा भाऊ' अशी. जोसीफस ख्रिस्ती नव्हता. यरुशलेमातल्या काही न्यायी लोकांना ते कृत्य रुचलं नाही, त्यांनी तक्रार केली, आणि हनानचं पद गेलं, असंही तो लिहितो. पौलाला पंधरा दिवसांच्या मुक्कामात भेटलेला तो हाच याकोब.

भाच्याला मी वाचायचा क्रम लिहून दिला, तो इथेही देते: आधी गलतीकरांस पहिले दोन अध्याय एका बैठकीत. दुसऱ्या अध्यायात अंत्युखियात पौल पेत्राला तोंडावर बोलतो, ते भांडण चुकवू नका. मग करिंथकरांस पहिल्यातले सातवा, नववा, अकरावा आणि पंधरावा. मार्क त्यानंतर. बहुतेक जण मार्कापासून सुरुवात करतात आणि पत्रं शेवटी ठेवतात, पण लिहिली गेली ती या क्रमानं, आणि याच क्रमानं वाचली तर कोणाला काय आधी माहीत होतं ते आपोआप दिसत जातं. नाताळच्या सुट्टीत तो येईल तेव्हा रोमकरांचा सोळावा अध्याय घ्यायचा ठरला आहे, नावांचा. फिबी, प्रिस्का, अक्विल्ला, आणि पत्र लिहून घेणारा तर्तियस, जो मध्येच स्वतःचाही सलाम घालतो.